खडूची गोळी

शिवणकामाच्या त्या दुकानात नणंद कापड बेतायची आणि भावजय शिवायची. एका कोटाची बाही आखूड झाली. ती बेतताना की शिवताना, यावरून दोघींचं बोलणं बंद पडलं. दुकान मात्र चालू राहिलं, कारण मध्ये खडू होता. खडू म्हणजे त्यांचा पांढरा कुत्रा.

“खडू, सांग कुणाला तरी, काजं राहिलीत,” नणंद म्हणायची.

“खडू, माप नीट घेतलं तर काजंही नीट होतील म्हणावं,” मशीनवरून उत्तर यायचं.

लेकी बोले सुने लागे, तसलाच प्रकार. फक्त इथली लेक शेपूट हलवायची.

एका सकाळी खडू उठेना. हाका मारल्या, तर डोळे किलकिले करून त्याने पुन्हा मान टाकली. नणंदेने त्याला अस्तराच्या कापडात गुंडाळून उचललं, भावजयीने धावत जाऊन गाडी थांबवली. वाटेत दोघी गप्प. बोलणार कुणाशी?

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याची छाती तपासली. “काय खाल्लंय यानं?”

“खडू, सांग त्यांना, नेहमीचंच,” भावजय म्हणाली.

“तो गुंगीत आहे. मला सांगा. मी खाजेवर गोळ्या दिल्या होत्या, त्यातली कालची कुणी दिली?”

“मी,” दोघी एकदम म्हणाल्या. मग पहिल्यांदाच त्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

“पुडीतली एक कमी झालेली दिसली नाही?”

“दिसली,” नणंद म्हणाली. “पण विचारणार कुणाला? जगेल ना हो तो?”

“जगेल. हृदय ठणठणीत आहे. त्या गोळीनं झोप येते, दोन गेल्या म्हणून जास्त आली. संध्याकाळी उठून जेवायला मागेल.”

नणंदेने अस्तराचं कापड खडूभोवती पुन्हा नीट गुंडाळलं. भावजयीने पदराने आधी खडूचं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

“आता गोळी कोण देणार ते ठरवा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आणि याला मध्ये घालू नका.”

नणंदेने घसा खाकरला. “दुकान तू उघडतेस. तूच देत जा.”

“देईन, वन्सं. दिली की ओरडून सांगेन.”

“ओरडायला मी बहिरी आहे का?”

“इतके दिवस वाटत तरी होतं.”

“आधी बोललीस कुठे?”

डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं. “उरलेलं भांडण बाहेर करा,” त्या म्हणाल्या. “मांजर खोळंबलंय.”