बसून करायचं काम

दवाखान्यातून परतल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. चपला काढल्या, पुन्हा घातल्या. पाणी प्यायला गेली आणि पेला भरून तसाच ठेवून आली. शेवटी पाय आपोआप कारखान्याच्या दाराशी आले आणि तिथेच अडले.

मातीच्या भांड्यांचा कारखाना म्हणजे घरामागची लांबट खोली. सासूबाई भांड्यांना चमक देणाऱ्या झिलईची बादली काठीने ढवळत होत्या, नवरा भट्टीत लाद्या रचत होता, थोरले दीर भांडी बांधायच्या खोक्यांत गवत भरत होते. आणि खिडकीजवळ, चांगल्या उजेडात, तिची खुर्ची. त्यावर सासूबाईंनी हाताने शिवलेली जाड उशी.

या घराची ही रीतच होती. सून पोटुशी राहिली की तिला बादलीपासून उठवायचं आणि खिडकीजवळ बसवायचं. झिलईत बुडवलेलं भांडं वाळलं की त्याच्या तळाची झिलई खरवडून काढावी लागते, नाहीतर भट्टीत ते लादीला चिकटून बसतं. वाकायचं नाही, उचलायचं नाही. भांडं मांडीवर घ्यायचं, पातं फिरवायचं, फुंकर मारायची, झालं. सासूबाईंनाही त्यांच्या सासूने असंच बसवलं होतं. "माझ्या सासूने जन्मात एकच लाड केला," त्या सांगत, "तोही कामाला लावून."

तिच्या रक्तात शिसं निघालं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, हाय खाण्याइतकं नाही, पण पोटात बाळ असताना सोडून देण्याइतकं थोडंही नाही. आईची वार शिशाला अडवत नाही. शरीर त्याला कॅल्शियम समजून घरात घेतं, आणि बाळाचा मेंदू तर आत्ताच कुठे बांधला जातोय. मूल दिसायला धडधाकट असतं, पण पुढे कधी कधी लक्ष टिकत नाही, शिकायला उशीर लागतो, राग आवरत नाही. मग त्यांनी कामाची चौकशी केली आणि मध्येच थांबल्या. "वाळलेली खरवडता? आणि वर फुंकता?" ओल्या झिलईपासूनही लांबच राहायचं, पण ती निदान हवेत उडत नाही, त्या म्हणाल्या.

तिच्या डोळ्यांसमोर तेव्हापासून थोरले दीर उभे होते. चाळिशी उलटलेला माणूस, मनाने लोण्यासारखा. भांडी मोजायला घेतली की ओळीच्या शेवटी हरवायचा, चिडून खोक्याला लाथ मारायचा आणि मग त्याच खोक्यावरून हात फिरवायचा. तिने कारण सांगितलं, तर सासूबाईंना हिशोब जुळवायला किती वेळ लागणार? आणि नाही सांगितलं तर पुन्हा तीच खुर्ची.

"अगं, उभी काय? बस की," सासूबाई म्हणाल्या.

"पाठ भरून आलीय, आई."

"अरे, हिला आणखी एक उशी आण."

थोरले धावत जाऊन उशी घेऊन आले. आई म्हणते म्हणून तेही तिला सूनबाईच म्हणत. "सूनबाई, दोन उश्या! राणी झालीस."

"बसलं की डोकं दुखतं."

"मग खिडकी उघड."

"तिला कामच नकोय," भट्टीतून नवऱ्याचा आवाज आला. "सरळ सांगत नाहीये एवढंच."

"तू गप्प बस. पोटुशीचं तुला काय कळतंय? डोकं आत घाल आणि लाद्या लाव."

ती बसली. भांडं घेतलं, पातं टेकवलं. पांढरी रेघ उमटली. सवयीने ओठांचा चंबू झाला आणि तिने श्वास तसाच कोंडून धरला. तेवढ्यात थोरल्यांनी झाडू आणला आणि रोजच्यासारखा खुर्चीखाली सपासप फिरवला. उन्हाच्या पट्ट्यात पांढरी धूळ उठली.

"झाडू नका!"

ती अशी उठली की भांडं फुटलं. थोरले झाडू छातीशी धरून उभे राहिले. डोळे भरले. "मी नीट झाडतो. रोज नीट झाडतो."

"त्याच्यावर का गं खेकसतेस?" सासूबाई कडाडल्या. "त्याने तुझं काय वाकडं केलं?"

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"भावजी, तुमचं काही चुकलं नाही. आई, त्या धुळीत शिसं आहे. माझ्या रक्तात आलंय. ते बाळापर्यंत जातं."

नवरा भट्टीतून बाहेर आला. सासूबाईंच्या हातातली काठी थांबली.

"बाळाला काय होतं?"

"होईलच असं नाही."

"झालं तर?"

ती खिडकीकडे बघत म्हणाली, "शिकायला उशीर लागतो."

काठीवरून झिलईचे थेंब बादलीत टपटपत होते. सासूबाईंनी थोरल्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे.

"धाकट्याच्या वेळी मी घसरून पडले होते," त्या कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाल्या. "पलंगावरून उठू दिलं नव्हतं मला, खरवडायला बसलेच नाही. सासू म्हणायची, आयतं गिळते."

"आई, एकेका माणसाबद्दल असं ठरवता येत नाही. डॉक्टरसुद्धा..."

"तुझी डॉक्टर शहाणी असेल. पण थोरल्याला मी वाढवलंय."

त्यांनी फडकं पाण्यात बुडवलं, खिडकीखाली गुडघे टेकले आणि फरशी पुसायला घेतली. तिने फडक्याला हात लावताच त्यांनी तो झटकला. "हो बाहेर. आणि थोरल्या, ती खुर्ची अंगणात ने."

"तळ कोण खरवडणार?" नवऱ्याने विचारलं.

"कुणी नाही. ओल्या स्पंजने पुसायचे. आणि बिनशिशाची झिलई मिळते का बघ."

"चमक तेवढी येणार नाही, आई."

"नाही आली तर नाही."

अंगणात खुर्ची होती, पण तिला बसवेना. ती कुंपणापर्यंत जायची आणि परत यायची. आतापर्यंत जे आत गेलं ते कुठे जाऊन बसलं असेल? पोटावर हात ठेवून ते कळणार होतं थोडंच?

सासूबाई नळाशी आल्या. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. नखं पाहिली, पुन्हा धुतले. पुसले, वास घेतला, पुन्हा धुतले. मग पायरीवर बसलेल्या थोरल्याजवळ गेल्या आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"आई," तो म्हणाला, "हात किती गार आहे तुझा."

त्यांनी हात काढला नाही.