माझ्या भिंतीवर रॉयची पाटी

रॉय मेला तेव्हा मी रडले नाही. त्याच्या नावाची पाटी माझ्या भिंतीवर लागली, तेव्हा मात्र संतापाने रडू आलं.

माझं नाव ऑड्री एंटविसल. वय ब्याऐंशी, राहणार इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातल्या एका गिरणीच्या गावात. गिरणी केव्हाच बंद पडली. माझं नाव कुणाला माहीत असायचं कारण नाही, पण या देशात पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही 'गर्टी कोण?' म्हणून विचारा. लगेच कमरेवर हात ठेवून ओरडेल, "बूट बाहेर, अक्कल आत!" ती टीव्हीवरची गर्टी. डोक्याला रुमाल, अंगात एप्रन, आणि जीभ अशी की नवरा दारातूनच मागे फिरावा. 'गर्टी म्हणेल तसं' ही मालिका पाच वर्षं दर गुरुवारी लागायची. लिहिणारा माझा नवरा, रॉय.

लिहिणारा म्हणे! बूट बाहेर काढायला त्याला मी सांगत होते, याच दारात, रोज संध्याकाळी सहा वाजता. तो गॅस कंपनीत कारकून होता. घरी आला की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेपर उघडून बसायचा, आणि पेपराआड सिगारेटच्या पाकिटावर काहीतरी खरडायचा. मला वाटायचं, फुटबॉलचे आकडे लावतोय. मी आपली बोलत राहायचे. "तुला तुझ्या आईने वाढवलं, की नुसतं ठेवून दिलं होतं?" असं मी एका मंगळवारी बटाटे सोलता सोलता म्हणाले. पुढे एका गुरुवारी तेच वाक्य टीव्हीवरची बाई म्हणाली. बटाटे सोलता सोलताच. शेजारच्या घरातून हसण्याचा असा गडगडाट ऐकू आला की भिंतीवरचा आरसा हलला. दुसऱ्या दिवशी खाटकाच्या रांगेत बायका मला माझीच वाक्यं ऐकवायला लागल्या. "काय गं, तुमच्या घरी पण गर्टीसारखंच चालतं का?"

रॉयला विचारलं तर म्हणाला, "अगं, सगळ्याच बायका असं बोलतात."

सगळ्या बोलतात, तर शेजारणीच्या घरी जाऊन बसायचं होतं! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. मँचेस्टरला चित्रीकरण व्हायचं, दोन-तीनशे माणसं समोर बसून हसायची. मला एकदाही नेलं नाही त्याने. "तू समोर बसलीस की मला दडपण येतं," म्हणायचा. आणि अठ्ठ्याहत्तर साली, माझ्याजवळचं सगळं घेऊन झाल्यावर, रंगभूषेच्या खात्यातल्या एका पोरीबरोबर दक्षिणेत निघून गेला. घर तेवढं माझ्याकडे राहिलं.

गेल्या मार्चमध्ये क्लाइव्ह ऑर्मरॉड दारात आला. मागच्या गल्लीतल्या ऑर्मरॉडबाईंचा मुलगा, साठीचा, भूगोलाचा निवृत्त मास्तर. मालिकेच्या चाहत्यांच्या मंडळाचा अध्यक्ष तोच. कुठला भाग कोणत्या तारखेला लागला, कोणत्या भागाच्या टेपा पुसून त्यांवर सामने चढवले, सगळं त्याला तोंडपाठ.

"मिसेस एंटविसल, तुमच्या घरावर निळी पाटी लावायची आहे, थोर माणसं राहिली त्या घरांवर असते तशी," तो म्हणाला. "रॉयसाहेबांच्या नावाची. घरमालक म्हणून तुमची सही लागेल."

"कशाला?"

"अहो, लोक अजून बघतात! आमच्या मंडळात एक नर्स येते, रात्रपाळी संपली की रोज एक भाग बघते आणि मगच झोपते. एकाची बायको गेली, तो म्हणतो, गर्टी नसती तर घरातली शांतता मला खाऊन टाकती. त्या घरात कुणी मरत नाही, मिसेस एंटविसल. कुणी कुणाला सोडून जात नाही. कितीही भांडले तरी अर्ध्या तासाने दोघं त्याच सोफ्यावर चहा पीत बसलेले असतात."

ते ऐकत राहावंसं वाटलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. भांडणं माझी होती, शेवटचा चहा तेवढा रॉयने मनाने लिहिला होता. खऱ्या घरात कधी प्यायला नाही.

"क्लाइव्ह, नीट ऐक," मी म्हणाले. "ती वाक्यं माझी आहेत. पाटीवर दोन नावं येतील. नाहीतर पाटी नाही."

"अर्थातच, अर्थातच. मी हे मंडळाच्या समितीपुढे नक्की ठेवतो."

आमच्याकडे 'समितीपुढे नक्की ठेवतो' याचा अर्थ 'नाही' असा होतो. शेंबड्या पोरालाही कळतं हे. पण पन्नास वर्षांत कुणी पहिल्यांदा 'अर्थातच' म्हणालं होतं, आणि मी भुलले. इंग्रजीत 'ए. एंटविसल' अशी सही ठोकून मोकळी झाले.

जूनमधल्या एका शनिवारी गल्लीत दीडदोनशे माणसं जमली. निम्म्यांनी डोक्याला रुमाल बांधलेले, केसांत कर्लर, अंगात एप्रन. त्यात मिशावाले बाप्येसुद्धा. गळ्यात पदाची साखळी घालून महापौरबाई आल्या होत्या. क्लाइव्हने भाषण केलं आणि पडद्याची दोरी माझ्या हातात दिली. मी ओढली.

'विनोदी लेखक रॉय एंटविसल, "गर्टी म्हणेल तसं"चे जनक, १९६३ ते १९७८ या घरात राहत होते.'

मी दोनदा वाचलं. जनक! तळपायाची आग मस्तकात गेली.

"हा राहत होता?" मी ओरडले. "राहत कसला होता, खुर्ची गरम करत होता! त्याच्याआधी खुर्ची दमायची!"

गल्लीत हशा पिकला.

"हसता काय? या माणसाला अंडं उकडता येत नव्हतं, आणि म्हणे जनक!"

आणखी मोठा हशा. टाळ्या. कुणीतरी मागून ओरडलं, "वा, गर्टी!" मी जितकी चिडत होते, तितके ते खूश होत होते. पुढच्या ओळीतली एक बाई तर एप्रनने डोळे पुसत होती. दुष्ट नव्हती ती माणसं, हेच तर वाईट. प्रेमाने हसत होती. त्या क्षणी मला कळलं, मँचेस्टरला ते हसू कसं वाटत असेल. छातीत उबदार वाटत होतं, खोटं कशाला बोलू. एवढी वर्षं ते हसू रॉय एकटा ऐकत आला होता.

मी हात वर केला. सगळे माना उंचावून पुढच्या वाक्याची वाट बघायला लागले.

"माझं नाव काय?" मी विचारलं.

"गर्टी!" अख्खी गल्ली एका सुरात ओरडली.

"ते टीव्हीवरच्या बाईचं. माझं सांगा."

आता हसू जरा अडखळलं. मी क्लाइव्हकडे वळले. "तुला तर सगळं पाठ असतं. तू सांग."

"मिसेस एंटविसल," तो म्हणाला.

"ते रॉयचं झालं. तेच लावलंयस ना भिंतीवर? माझं सांग. तुझी आई मला त्या नावाने हाका मारायची. कागदावर मी सही केली, तीसुद्धा आठव."

क्लाइव्ह लालबुंद झाला. ओठ हलले. "ए... ॲग्नेस?"

कुणीच हसलं नाही. महापौरबाई साखळीशी चाळा करत बुटांकडे बघत राहिल्या.

पाटी बसवणारा माणूस गाडीशी उभा होता. मी त्याला म्हणाले, "ही भिंत माझी आहे. काढ ते." त्याने क्लाइव्हकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि निमूटपणे स्क्रू काढायला लागला. मी आत जाऊन दार लावून घेतलं.

समितीचं पत्र आलं. फार सभ्य पत्र होतं. वाक्यं माझी असल्याचा लेखी पुरावा मिळाल्यास विचार करू, असं लिहिलं होतं. मी ते चुलीत घातलं.

भिंतीवर आता फक्त चार भोकं आहेत. तरी लोक येतातच. भोकांपाशी उभे राहून फोटो काढतात, आणि दार वाजवून विचारतात, गर्टीचं स्वयंपाकघर बघता येईल का? मी हो म्हणते. आत या, बसा, हव्या तेवढ्या शिव्या ऐका, वर चहाही देते. अट एकच, आधी माझं नाव सांगायचं.

अजून मला किटली ठेवावी लागलेली नाही.