आवाजाची वेगळी खोली

डायलिसिस केंद्राची गाडी कुणाला कुठून घेणार, हे ड्रायव्हरच्या फोनवर दाखवणारा प्रोग्राम मी बांधलाय. बांधलाय म्हणजे, चाळिशी उलटल्यावर व्हिडिओ बघून बघून जोडलाय. घरात त्याला माझं दुसरं सासर म्हणतात.

त्याला काही प्लगइन होती, म्हणजे मागाहून चिकटवलेले छोटे प्रोग्राम. रस्त्यावरची गर्दी सांगणारं माझ्या धाकट्या जावेने लिहिलेलं. ती कॉम्प्युटरची रीतसर पदवीधर. नातेवाइकांना मेसेज धाडणारं कुठूनसं फुकट उचललेलं. आणि पुढचा थांबा बोलून दाखवणारं खास माझं. आवाजही माझाच, रस्त्यांची नावं एकेक म्हणून भरलेली. ही सगळी एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे मूळ प्रोग्रामच्याच पोटात, नांदत होती. एकत्र कुटुंब असावं तशी. एकाने अंथरूण धरलं की सगळ्यांची चूल थंड. जावेचं प्लगइन कोसळलं, तेव्हा यादीसकट सगळं घेऊन कोसळलं. ड्रायव्हर अधांतरी, पेशंट फाटकाशी उभे. केंद्राच्या डॉक्टरबाईंनी आवाज न चढवता सांगितलं, की पुन्हा असं झालं तर आम्ही आपले फळ्यावर यादी लिहू आणि तुम्ही आराम करा.

आराम या शब्दाची मला एवढी धास्ती कधी वाटली नव्हती.

मग मी प्रत्येक प्लगइनला वेगळी प्रोसेस दिली. वेगळी खोली, बंद दार, काय ते दाराच्या फटीतून विचारायचं. आतून उत्तर आलं तर ठीक, नाही तर आपण पुढे निघायचं आणि आतल्याला सावकाश उठवायचं. मी स्वतःवर इतकी खूश झाले की जावेला बोलावून दाखवलं. तिने स्क्रीन वरखाली केली.

"ताई, तुझं आवाजवालं अजून मूळ प्रोग्रामच्या आतच आहे की."

मी म्हटलं, अगं ते घरचंच आहे, त्याला कुठे बाहेर बसवायचं?

"हो ना. आम्ही मेले परके," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

त्याच आठवड्यात एक निवृत्त मास्तरीणबाई यादीत आल्या. मुलीकडे राहायला आलेल्या, म्हणून रस्त्याच्या नावाची जागा कोरी. पत्ता खाली शेऱ्यात लिहिलेला. माझं प्लगइन कोऱ्या जागेपाशी आलं, बोलायला तोंड उघडलं आणि गतप्राण झालं. सोबत अख्खा प्रोग्राम. जावेचं बाहेरच्या खोलीत ठणठणीत, कुणीतरी विचारेल म्हणून वाट बघत बसलेलं. मी पुन्हा सुरू केलं की त्याच नावाशी पुन्हा आडवं. शेवटी माझ्याकडच्या प्रतीवरून सगळी यादी मी ड्रायव्हरला फोनवर वाचून दाखवली. म्हणजे बोलणारं प्लगइन मीच झाले.

डॉक्टरबाईंचा निरोप आला: दुपारी पेशंटना घरी सोडायची फेरी नीट झाली तर ठेवू, नाही तर फळा.

जाऊ शेजारी येऊन बसली. मी चूक शोधायला घेतली तर तिने माझा हात माऊसवरून उचलला. चूक मागाहून शोध, आधी त्याला बाहेर काढ, म्हणाली. काढताना माझ्या जिवावर आलं. रात्रंदिवस घोकून भरलेला आवाज, त्याला आपल्याच हाताने फुकटच्या प्लगइनशेजारी नेऊन बसवायचं. पण बसवलं.

दुपारची फेरी निघाली. आम्ही दोघी स्क्रीनला डोळे लावून. मास्तरीणबाईंचं नाव आलं, माझं प्लगइन नेमाने मेलं, आणि यादी जागची हलली नाही. गाडीचा ठिपका सरकत सरकत त्यांच्या दारापर्यंत गेला, थांबला, पुढे निघाला. मी धरून ठेवलेला श्वास सोडला, जावेने माझा दंड सोडला.

फेरी संपल्यावर ड्रायव्हरचा फोन आला, तो मी स्पीकरवर घेतला. सगळे घरी पोचले होते, डॉक्टरबाईंनी फळा नको म्हणून सांगितलं होतं. मग तो जरा घुटमळला.

"बाई, मधे एकदा तुमचा आवाज गेला. मास्तरीणबाई म्हणाल्या, किती शांत वाटतंय. तो तसाच बंद ठेवता येईल का?"

जाऊ तोंडाला पदर लावून आत पळाली. मी त्याला म्हटलं, बघते काही तांत्रिक अडचण येते का.