दीड किलो जड

बागखात्याच्या वर्कशॉपमध्ये तिला सगळे मिस्त्रीण म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. शहरात कुठे झाड पडलं, वाळलं किंवा नकोसं झालं की खात्याची माणसं पेट्रोलवरच्या करवती घेऊन जात, आणि त्या करवती बंद पडल्या की हिच्या टेबलावर आणून आदळत. म्हाताऱ्या सासूला दवाखान्यात सोडून यावं तसं "जरा बघ गं हिला" एवढंच म्हणून निघून जात. एकवीस वर्षं ती हेच करत होती. ग्रीस, भुसा, कुजक्या लाकडाचा वास, यातल्या कशाची तिला कधी घाण वाटली नाही. गोड गोड बोलणाऱ्या माणसाची मात्र लगेच वाटायची. समोर कुणी साखर पेरायला लागलं की तिच्या कपाळावर आठी यायची, आणि ती आठी लपवायची कला तिला साधली नव्हती.

त्या वर्षी खात्याच्या सहा करवतींपैकी चार भंगारात निघाल्या. नव्या चार घ्यायच्या ठरल्या. साहेबांनी दोन मॉडेलं बाजूला काढली होती. एक होती हलकी, नारिंगी, चार किलो दोनशे ग्रॅमची आणि कापायला वेगवान. दुसरी मधल्या दर्जाची, राखाडी, दिसायला अगदीच सामान्य, पावणेसहा किलोच्या जरा खाली. दोन्हींच्या वजनात दीड किलोचा फरक. किमतीत फारसा नव्हताच. खरेदीच्या कागदावर मिस्त्रिणीचा शेरा लागणार होता, कारण नियमात तसं लिहिलेलं होतं. एरवी तिला कुणी विचारलंच नसतं.

नारिंगी करवतीचा सेल्समन सोमवारी आला. इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा असा घमघमाट की वर्कशॉपमधला पेट्रोलचा वास मागे हटला.

"मावशी, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय," तो हात जोडून म्हणाला. "तुमच्यासारख्या जाणकार माणसाला आम्ही काय दाखवणार!"

"मग कशाला आलात?" मिस्त्रीण म्हणाली.

माणसं हसली. तोही हसला, पण हसताना त्याचे डोळे साहेबांकडे होते.

कापायला ओंडका त्याने स्वतःच्या गाडीतूनच आणला होता. सरळ, गोरापान, एकही गाठ नसलेला. करवत त्यातून लोण्यातून सुरी जावी तशी गेली. भुशाचा फवारा उडाला, चकत्या पडत गेल्या. खात्यातला सगळ्यात जुना कापणारा, ज्याला लंबू म्हणत, त्याने करवत हातात घेतली आणि त्याचा चेहरा एकदम खुलला.

"पिसासारखी आहे रे!"

मिस्त्रिणीने पडलेली एक चकती उचलली. नखाने दाबली. नख आत गेलं. ताजं, ओलं, मऊ लाकूड. असं झाड एकवीस वर्षांत खात्याच्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं. मग तिने करवतीचं झाकण उघडून आत पाहिलं. इंजिनाची पेटी प्लास्टिकची, चेन ताणायचा स्क्रूही प्लास्टिकच्या खाचेत बसवलेला. तिने झाकण बंद केलं आणि हात पॅंटला पुसले. हाताला काही लागलं नव्हतं, तरी पुसले.

"आमचं खोड कापून दाखवा," ती म्हणाली. "नाल्यावर पडलंय ते."

नाल्यावरचं खोड सगळ्यांना माहीत होतं. महिन्यापूर्वी एक जुनं झाड मुळासकट सांडपाण्याच्या नाल्यात आडवं झालं होतं आणि अजून तिथेच पडलं होतं. सेल्समनने आपल्या बुटांकडे पाहिलं. साहेबांनी रुमाल नाकाला लावला, जणू वास आत्ताच यायला लागला होता.

"कशाला उगाच घाणीत," साहेब म्हणाले.

"आपण घाणीतच कापतो साहेब. बागेत फुलं कापायला करवत लागत नाही."

शेवटी गुरुवार ठरला. दोन्ही करवती नाल्यावर न्यायच्या.

सेल्समन गेल्यावर लंबू तिच्या टेबलाशी आला. त्याचा उजवा खांदा दोन वर्षांपासून धरलेला होता. हात डोक्याच्या वर न्यायला त्याला डाव्या हाताचा टेकू द्यावा लागायचा.

"तू ती हलकी नाकारणार, हे दिसतंय मला," तो म्हणाला. "तू खुर्चीवर बसून दुरुस्त करतेस. दिवसभर हातात धरतो ते आम्ही. दीड किलो म्हणजे काय, ते संध्याकाळी माझ्या बायकोला विचार. ती माझ्या खांद्याला तेल चोळते."

त्याचं म्हणणं खरं होतं. सेल्समनच्या अख्ख्या भाषणात जे नव्हतं ते या चार-पाच वाक्यांत होतं, आणि म्हणूनच ते तिला जास्त टोचलं.

बुधवारी ती घरी पोचली तेव्हा नवरा स्वयंपाकघरात होता. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून तो दुपारभर काही ना काही खटपट करायचा. त्याने तिच्या हातात गाजराच्या रसाचा ग्लास दिला. ती उन्हातून आली होती. उभ्या उभ्या अर्धा ग्लास रिकामा केला आणि मग तिचं लक्ष ओट्यावर गेलं. ओट्यावर चकचकीत ज्यूसर होता. शेजारी फाडलेलं खोकं.

"हा कुठून आला?"

"तुमच्या ऑफिसात येतो ना तो सेल्समन, तो देऊन गेला. किती नम्र माणूस आहे गं! म्हणाला, मावशी दिवसभर राबतात, त्यांना जरा ताकद हवी."

मिस्त्रीण सिंककडे वळली आणि तोंडातला घोट थुंकली. पोटात गेलेला थुंकता येत नव्हता. तो गोडवा घशाशी चिकटून बसला. तिने चूळ भरली, पुन्हा भरली.

"आणि तुम्ही घेतलात?"

"दारात आलेल्या माणसाला हाकलून देऊ? एवढं काय झालं? तुमच्या साहेबांकडे तर वॉशिंग मशीन गेलंय म्हणे."

"हे त्याने तुम्हाला सांगितलं?"

"मी विचारलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. सत्तावीस वर्षांचा संसार. हा माणूस उठतो कधी, घोरतो कसा, खोटं बोलताना कान कसा खाजवतो, सगळं तिला पाठ होतं. आत्ता तो कान खाजवत होता.

"आणखी काय बोललात त्याच्याशी?"

"काही नाही. म्हटलं, जरा हट्टी आहे, पण मी समजावतो. अगं, दोन ओळींचा तर शेरा! तुझ्या घरची करवत आहे का?"

सेल्समन लाच द्यायला दारात आला यात नवल नव्हतं. तसली माणसं दारात येतातच. पण याने आत बोलावून पाणी दिलं, हिच्या हट्टाच्या गोष्टी सांगितल्या, हिला वळवायचा शब्द दिला आणि वर गाजरं सोलली. ती ज्यूसर खोलायला बसली. जाळीत केशरी चोथा अडकून वाळला होता. तो बोटाने निघेना. मग ती मोरीतून नवऱ्याचा टूथब्रश घेऊन आली आणि जाळीचं एकेक छिद्र घासून काढलं. सकाळी त्याला एवढंच म्हणाली, "नवा ब्रश काढा." का, ते सांगितलं नाही.

गुरुवारी नाल्यावर साहेब आणि सेल्समन सोडून अकरा माणसं होती. मिस्त्रिणीने खोकं सगळ्यांसमोर सेल्समनच्या पायाशी ठेवलं.

"तुमचा ज्यूसर. माझ्या घरी चुकून आला."

एखादा खजील झाला असता. या माणसाने खोकं उघडलं, आत डोकावून पाहिलं आणि गोड आवाजात विचारलं, "मावशी, वापरलाय वाटतं?"

दोन-तीन माणसं फिसकन हसली. मिस्त्रिणीचे कान तापले.

"हो," ती म्हणाली. "नवऱ्याने रस काढला आणि अर्धा ग्लास मीही प्यायले. तेव्हा कुठला ते माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर धुतला आणि परत आणला. आणखी कुणाला काही परत करायचं असेल तर तेही गाडीत मावेल."

साहेबांनी एकदम नाल्याच्या पलीकडे काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखं तिकडे पाहिलं. आता कुणी हसलं नाही.

खोड दोरांनी ओढून अर्धं काठावर घेतलं होतं. सालीच्या भेगांत वाळू भरलेली, फांद्यांना चिंध्या, पिशव्या आणि केसांचे गुंते लोंबत होते. खालच्या बाजूला काहीतरी मेलेलं होतं. काय ते बघायला कुणी वाकलं नाही. वास असा की तोंडाने श्वास घेतला तर जिभेवर बसायचा. सेल्समन लांब झाडाखाली जाऊन उभा राहिला. दोन्ही करवतींच्या चेनना मिस्त्रिणीने सकाळीच स्वतः सारखी धार लावली होती, नंतर कुणी बोलायला नको म्हणून.

लंबूने आधी नारिंगी घेतली. पहिला काप सुरेख पडला. दुसराही. "बघ!" असं त्याने मिस्त्रिणीला मानेनेच सांगितलं. चौथ्याला वाळूने चेन बोथट झाली आणि भुशाऐवजी पीठ पडायला लागलं. धार लावून पुन्हा सुरू केली. सातव्याला चेन सैल होऊन लोंबायला लागली. मिस्त्रीण ताणायला गेली तर स्क्रू जागच्या जागी फिरू लागला. प्लास्टिकची खाच झिजून गेली होती. चेन हातानेच ओढून बसवली आणि तशीच चालवली, तर दहा मिनिटांत इंजिनातून जळका वास यायला लागला, आणि त्या नाल्यावरही तो वेगळा ओळखू आला.

राखाडी करवत कुणाला खूश करणारी नव्हतीच. तिने एकेक काप रडत-खडत घेतला. तिचीही धार दोनदा गेली, फिल्टर दोनदा झटकावा लागला. लंबूच्या तोंडून शिव्यांचा पट्टा सुटला होता. तासाभराने त्याने करवत दुसऱ्याकडे दिली, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. पण ती बंद पडली नाही. दुपारपर्यंत खोडाचे तेवीस तुकडे काठावर पडले होते.

"चालली," लंबू खांदा दाबत म्हणाला. "पण मी मेलो."

"तुझ्यासाठी वेगळं लिहिते," मिस्त्रीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "शेरा जरा मवाळ लिहा," ते कागदावर बोट फिरवत म्हणाले. "दोन्ही योग्य आहेत, एवढं लिहिलं तरी पुरे."

"दोन्ही योग्य नाहीत."

"तुम्हाला फार कळतं, हे मान्य आहे हो. पण ऑफिस म्हटलं की सांभाळून घ्यावं लागतं."

तेच लोण्यासारखं बोलणं, तीच साखर. तिने तिथेच उभ्याने लिहिलं: राखाडी करवत घ्यावी, नाल्यावर काय घडलं ते असं असं, आणि एका माणसाने ही करवत सलग अर्ध्या तासाहून जास्त वापरू नये, तीन कापणाऱ्यांची पाळी लावावी. खाली हजर असलेल्या अकरा जणांची यादी. मग तो कागद घेऊन ती माणसांकडे सह्या मागायला गेली. लंबूने सर्वांत शेवटी सही केली. अर्ध्या तासाची ओळ त्याने दोनदा वाचली.

चार राखाडी करवती आल्या. साहेबांना अचानक प्रामाणिकपणा सुचला असं काही नव्हतं. नाल्यावरच्या त्या टोमण्यावरून माणसांनी वॉशिंग मशीनचा माग काढला होता आणि ती गोष्ट अकरा तोंडांतून फिरत होती, म्हणून त्यांनी सही केली. हे कळल्यावर मिस्त्रिणीला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट तोंडाची चव आणखी गेली. काम बरोबर झालं, पण ज्या कारणाने झालं तेही नासकंच. पाळीची ओळ साहेबांनी खोडली होती. ती दोन महिने भांडून तिने परत मिळवली आणि भिंतीवर तक्ता लावला. माणसं करवती उचलताना तिच्या नावाने बोटं मोडत. लंबूही मोडायचा. पण अर्धा तास झाला की करवत दुसऱ्याच्या हातात द्यायचा, आणि त्या वर्षी एकही करवत तिच्या टेबलावर मोडून आली नाही. आल्या त्या फक्त धार लावायला.

घरी मात्र काही सरळ झालं नाही. नवरा आधी फुगला, मग चार दिवस अबोला झाला, मग जणू काही घडलंच नाही असं बोलायला लागला. तिला ते जमेना. त्याने ताट वाढलं की ती म्हणायची, राहू द्या, मी घेते. महिन्याभराने एका संध्याकाळी त्याने पेपर बाजूला ठेवला.

"अजून राग आहे?"

"राग नाही," ती म्हणाली. "किळस येते."

त्याने पेपरची घडी घातली. मग हळूच विचारलं, "माझी?"

खोटं बोलणं सोपं होतं. हो म्हणणंही सोपं होतं. तिने थोडा विचार केला.

"तुम्ही त्याला म्हणालात ना, मी समजावतो? त्या शब्दांची. तुम्हाला खात्री होती की मी वळेन. सत्तावीस वर्षांत मी तुम्हाला तशी कधी दिसले, तेवढं आठवून सांगा मला."

त्याने आठवायचा प्रयत्न केला. तिला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्याला एकही प्रसंग सापडला नाही, आणि पहिल्यांदाच त्याने मान खाली घातली. ती उठली नाही. तशीच त्याच्यासमोर बसून राहिली, कारण एवढं तरी बघायला ती महिनाभर थांबली होती.