बुटांवरची विभूती

गुरुग्रामच्या त्या सोसायटीत सकाळी लिफ्टपाशी रांग लागायची. ऑफिसला जाणाऱ्यांची नव्हे हो, माझ्या धाकट्या भावाच्या, उल्हासच्या, घरी दर्शनाला येणाऱ्यांची! आणि देव कोण? आमच्या दिवंगत वडिलांचे, अण्णांचे, काळे चामडी बूट. खिडकीपाशी चौरंग, त्यावर लाल वस्त्र, वस्त्रावर बूट आणि बुटांवर पांढरी विभूती. रोज पहाटे आपोआप उमटायची, दुपारचं ऊन आलं की आपोआप नाहीशी व्हायची.

"सूबेदार साहब प्रभात में पधारते हैं, मध्याह्न में लौट जाते हैं!" नोएडाहून कॅबने येणारे पादुकानंद महाराज डोळे मिटून सांगत. अण्णा सुभेदार होते खरे. पण जिवंतपणी दुपारचं जेवण टाकून ते कुठूनही परतल्याचं मला आठवत नाही.

मला हसूच आलं असतं, पण उल्हासच्या पायाकडे पाहिलं की हसू पळायचं. त्याला मधुमेह, त्याने पायांची जाणीव कमी झालेली. ऑफिसच्या दिवाळी कार्यक्रमाला हौसेने अण्णांचे बूट घालून गेला. ते चावले, अंगठ्याला फोड आला, तरी पठ्ठ्याला दुखलंच नाही. फोडाची जखम झाली. महाराजांनी निदान केलं, हा सुभेदारांचा कोप. उपाय काय, तर बुटांवरची विभूती जखमेवर लावा आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद!

"उल्हास, अरे अंगठा काळा पडतोय. आज हॉस्पिटलमध्ये चल."

"ताई, यार, दुखत नाही ना बिल्कुल. गुण येतोय."

"दुखत नाही हेच तर वाईट आहे, शहाण्या!"

तो नुसता हसला. जन्मभर दिल्लीत पहाडगंजच्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवलं मी, आणि सख्ख्या भावापुढे माझं काही चालेना.

शेवटी मी त्याच्या बायकोला, अहिल्येला, स्वयंपाकघरात गाठलं. "खरं सांग, बुटांना तू काय लावलंस?"

"पाण्याचे डाग पडले होते हो, वन्सं. माहेरी बाबा कोल्हापुरी चपलांना तेल लावायचे, मऊ राहाव्यात म्हणून. मी खोबरेल चोळलं. दुसऱ्या दिवशी बघते तर विभूती! मग महाराज म्हणाले, रोज संध्याकाळी तेल अर्पण करा आणि रात्रभर बूट बाल्कनीत ठेवा."

खोबरेल! दिल्लीच्या थंडीत ते बाटलीत गोठून पांढरं होतं, गॅसजवळ ठेवल्याशिवाय थेंब पडत नाही, हे इथल्या प्रत्येक मराठी बाईला माहीत. बुटात मुरलेलं तेलही वर येऊन तसंच गोठेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. महाराजांच्या मात्र बरोबर आलं होतं.

त्या संध्याकाळी मी माझी जुनी चामडी पर्स खोबरेलाने माखली आणि बुटांशेजारी बाल्कनीत ठेवली. सकाळी भक्तांसमोर आणली, तर पर्सवरही पांढरा थर!

"महाराज, हिच्यात कोण पधारलं? माझं आधार कार्ड?"

लोक फिसकन हसले. महाराज म्हणाले, "बहनजी, संगत का असर है. पास में रखा था ना!"

"बरं, मग सुभेदारांना जरा ऊब देऊ या." मी अहिल्येचा केस वाळवायचा ड्रायर बुटांवर धरला. विभूती वितळली आणि तिथे तेल चकाकलं. "राख कधी वितळते का हो? हे गोठलेलं खोबरेल आहे!"

सुटलेलं तेल मी सुती फडक्याने टिपलं, पुन्हा ऊब दिली, पुन्हा टिपलं. मग चामड्यासाठीचा साबण ओल्या फडक्यावर घेऊन बूट हलक्या हाताने पुसले, सावलीत वाळत ठेवले. पॉलिशची वेळ येईपर्यंत महाराजांची कॅब कधीच निघून गेली होती.

मग उल्हास गाडीत बसला. हॉस्पिटलमध्ये पट्टी सुटल्यावर डॉक्टरांनी जखम सगळीकडून तपासली. मग म्हणाले, "वेळेवर आले असते तर अंगठासुद्धा वाचला असता. आता पाऊल काढावं लागेल."

पाऊल काढलं.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये शेजारच्या रुचिता भेटायला आल्या. "वाईट वाटून घेऊ नका हं, पण महाराजांनी ग्रुपवर टाकलंय. विभूतीचा अपमान झाला म्हणून पाय गेला म्हणे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काही बोलणार, तोच अहिल्येने माझा हात धरला. "वन्सं, आपण बूट पुसायला नको होते का हो?"

मी तिला तेल, थंडी, ड्रायर सगळं पुन्हा समजावलं. ती मान हलवत राहिली, पण तिला ते पटत नव्हतं, हे मला दिसत होतं. काय करू मी, सांगा!

म्हणून तुम्हाला हात जोडून विनवते. चमत्कार दिसला तर खुशाल बघा, पण त्याला ऊब देऊन बघा, थंडीत ठेवून बघा, चार प्रश्न विचारा. तेवढा धीर होत नसेल तर राहू द्या. निदान जखम तरी डॉक्टरला दाखवा, आणि आजच दाखवा. माझा भाऊ अजून पन्नाशीचाही नाही, आणि या वयात कुबड्या घेऊन चालायला शिकतोय.