सुनेवरचा दावा

डॉक्टरांनी माझा अंगठा धरला, इकडे वळवला, तिकडे वळवला, हाडाचा फोटो उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, की हा हात पुन्हा कात्री धरू शकेल. मी टेबलावरून पडायचीच बाकी होते. इतके दिवस जो तो मला सांगत होता, की वयाच्या मानाने ठीक आहे, चहाचा कप उचलता येतोय ना, मग झालं. अरे, कप उचलून माझं पोट भरतं का? मी केस कापते. लग्नाच्या आधीपासून कापते. गल्लीत मला कात्रीबाई म्हणतात, ते काही जिभेमुळे नाही. म्हणजे निव्वळ जिभेमुळे नाही.

मनगटाचं हाड वाकडं जुळलं होतं. ते पुन्हा मोडायचं, सरळ बसवायचं आणि आत धातूची पट्टी घालायची. पण लवकर. सांधा एकदा आखडला, की मग ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी म्हटलं, मग आत्ताच मोडा. ते हसले. मी गंमत करत नव्हते.

बाहेर बाकावर माझी सून माझी पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिला सांगितलं, तर ती ड्युटीच्या गणवेशात, भर दवाखान्यात रडायला लागली. मी तिला ओढतच पैशांच्या खिडकीशी नेलं. तिथल्या मुलीने ऑपरेशनचा खर्च सांगितला आणि आम्ही तिला तो आकडा पुन्हा सांगायला लावला.

आता हात मोडला कसा तेही सांगून टाकते, कारण माझ्या नणंदेने ते सगळीकडे तिखटमीठ लावून सांगितलंय. माझी सून बस चालवते, शहरातली मोठी लांबलचक बस. स्वतःच्या पगारातून तिने एक जुनी छोटी गाडी घेतली. त्या दिवशी आम्ही दोघी माझ्या दुकानासाठी केस धुवायची खुर्ची बघायला निघालो होतो. बस वळवताना म्हणे आधी सरळ पुढे जायचं, कोपरा मागे पडला की मगच चाक फिरवायचं, नाहीतर मागची चाकं फुटपाथवर चढतात. तिच्या हातांना तीच सवय. बोलण्याच्या नादात तिने ती काडेपेटीएवढी गाडीही बससारखीच वळवली, आणि आम्ही पलीकडे उभ्या असलेल्या व्हॅनवर जाऊन आदळलो. माझ्या बाजूने. मी हात पुढे टेकवला होता. तिला साधं खरचटलंही नाही, आणि त्याचंच तिला जास्त लागलं.

चूक माझी, असं ती तिथल्या तिथे म्हणाली. मग पोलिसांना म्हणाली, माझ्या मुलाला म्हणाली, व्हॅनवाल्यालाही म्हणाली. तेव्हापासून माझी बटणं ती लावते, माझे केस ती विंचरते. बस चालवणारीने घातलेली वेणी कशी असते ते विचारू नका. माझीच गिऱ्हाइकं मला बघून तोंड फिरवून हसतात. मी तिला घालूनपाडून बोलते आणि ती खाली मान घालून ऐकून घेते. खरं सांगू? त्या ऐकून घेण्याचाच मला वैताग आला होता. आधी ती अशी नव्हती. आधी मी एक बोलले की ती दोन बोलायची, आणि घराला घरपण होतं.

तर पैसे. गाडीचा विमा होता. विमा कंपनीतली एक गोड गळ्याची मुलगी मला रोज फोन करायची, मावशी, मावशी करायची. त्यांनी एक रक्कम देऊ केली होती. कागदावर सही करायची, पैसे घ्यायचे आणि पुन्हा काही मागायचं नाही. त्या रकमेत ऑपरेशन सोडाच, दवाखान्यातल्या खाटेचं भाडंही निघालं नसतं.

त्या संध्याकाळी घरात खल सुरू झाला. वन्सं म्हणाल्या, वकील करा. माझा मुलगा म्हणाला, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मी त्याला म्हटलं, तू शहाणा आहेस ना, मग तू चढू नकोस, मी चढते. माझ्या अंगात वारं भरलं होतं. डॉक्टरांचं ते एक वाक्य डोक्यात नाचत होतं. वन्संच्या ऑफिसातल्या कोणाचा तरी दावा लढलेली एक वकीलबाई होती, पैसे मिळाले तरच फी घेणारी. मी लगेच फोन लावला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा ठेवला, आणि तिला सगळं रामायण ऐकवलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दावा भक्कम आहे, म्हणाली. ऑपरेशन, बुडालेला धंदा, सगळं मागता येईल. कंपनीकडून आगाऊ खर्चही काढता येईल. मी खुर्चीतून अर्धी उठलेच. मग तिने विचारलं, गाडी कोण चालवत होतं.

मी म्हटलं, माझी सून.

“मग दावा तिच्यावर करावा लागेल,” वकीलबाई म्हणाली. “पैसे कंपनी देईल, पण कागदावर तुमच्याविरुद्ध त्या असतील.”

मी फोन बंद केला.

मग वन्संचा चेहरा उजळला. बिचारीने आयुष्यभर सासूसुनांची भांडणं ऐकली, पण कोर्टात गेलेलं असं त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. घ्या, म्हणाल्या, आता सासूच सुनेला कोर्टात खेचणार. मुलगा एकदा माझ्याकडे, एकदा बायकोकडे बघत होता. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी तो चहा टाकायला उठला, जो त्याला येत नाही.

सून म्हणाली, “करा आई. माझ्यावर करा दावा.”

मी तिला गप्प बस म्हटलं.

लोक काय म्हणतील म्हणून मी नाही म्हटलं नाही. लोक गेले खड्ड्यात. कारण वेगळं होतं, आणि ते मी कोणाला बोलून दाखवलं नाही. हिच्याच डेपोतल्या एका ड्रायव्हरवर खाजगी गाडीचा असाच दावा झाला होता. दावा दाखल झाला, की चौकशी होईपर्यंत माणसाला बसवरून उतरवतात आणि तिकीट खिडकीवर बसवतात. तो गृहस्थ खिडकीवर बसला तो बसलाच. ही हकीकत हिनेच मला सांगितली होती, आणि सांगताना हिचा आवाज बसला होता.

मी एकदा हिच्या बसमध्ये बसले होते. हिला कळू न देता, मागच्या सीटवर. दारं बंद केली, तिन्ही आरसे बघितले, आणि बस स्टॉपवरून अशी अलगद काढली, की उभ्या माणसाने दांडीसुद्धा धरली नाही. आरशात हिचा चेहरा दिसत होता. तो चेहरा मला ओळखीचा वाटला. कात्री हातात घेतल्यावर माझा असाच होतो, असं माझी गिऱ्हाइकं सांगतात. तेव्हा मला कळून चुकलं होतं, की ही पोर काय आहे.

म्हणजे हिशेब असा होता. वकील केला तर माझा हात परत येणार आणि हिचं स्टिअरिंग जाणार. नाही केला तर उलट. माझं निम्म्याहून जास्त आयुष्य कापून झालं होतं. हिचं आत्ता कुठे सुरू झालं होतं. मी रात्रीच ठरवून टाकलं, आणि सकाळी त्या गोड गळ्याच्या मुलीला फोन करून सांगितलं, की पाठवा तुमचा कागद.

कंपनीचा माणूस दुपारी दुकानातच आला. मी केस कापत नसले तरी दुकान उघडून बसायची. गिऱ्हाइकं यायची, आरशासमोर बसायची, हळहळायची आणि दुसऱ्या दुकानात जायची. तो माणूस फार अदबशीर होता. त्याने कागद काढला, सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं, पेनाचं टोपण काढून पेन माझ्या डाव्या हातात दिलं. आणि त्याच वेळी माझी सून दारात उभी राहिली. धापा टाकत होती. भर दुपारी, ड्युटीच्या वेळेला.

आधी तिने तो कागद बघितला. मग माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं, की आज ही खाली मान घालणार नाही.

“मी डेपोत साहेबांना सांगून आले,” ती म्हणाली. “माझ्यावर दावा होणार आहे म्हणून. मी स्वतःच सांगितलं. उद्यापासून मी खिडकीवर.”

मला काय झालं ते मी सांगू शकत नाही. मी पेन फेकलं. तोंडाला येईल ते बोलले. तुला कोणी सांगितला होता हा आगाऊपणा, म्हटलं, अक्कल गहाण टाकली होतीस का, दावा कुठे होता, दावा होणारच नव्हता, मी मिटवत होते ना सगळं. कंपनीचा माणूस खुर्चीसकट मागे सरकला. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायला लागले. आणि ही बया, इतक्या दिवसांनी, माझ्यावर माझ्याहून वरच्या पट्टीत ओरडली.

“मिटवत होता? माझ्यासाठी हात देत होता? मला विचारलंत? आयुष्यभर मी तुमची वेणी घालू आणि तुमचा तो हात बघू?” मग तिचा आवाज उतरला. “चौकशी होईल, आई. परत परीक्षा घेतील. मी देईन, आणि परत बसेन त्या सीटवर. नाही बसले तरी मी धडधाकट आहे. तुमचा सांधा आखडला की संपलं. आणि आता तुम्ही वकील केला नाहीत, तर माझी बस फुकट गेली.”

मला कात्रीबाई म्हणतात, पण कापलं होतं तिने. माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी मला इतका आनंद झाला होता, की लाज वाटावी. माझी भांडकुदळ सून परत आली होती. मी कंपनीच्या माणसाला त्याचा कागद आणि पेनाचं टोपण परत दिलं आणि सुनेला दुकानाला कुलूप घालायला लावलं.

आम्ही बसने वकीलबाईकडे निघालो. गाडी गॅरेजमध्येच पडली होती, आणि असती तरी मी बसले नसते, हे मी तिला सांगितलंही. ती सबंध वाट शेजारी बसून ड्रायव्हरला मनातल्या मनात शिव्या देत होती आणि पायाने जमिनीवरच ब्रेक दाबत होती. मी हसत होते. तीही हसायला लागली. लोकांना वाटलं असेल, की ह्या दोघी कोणाच्या तरी साखरपुड्याला निघाल्यात.

वकीलबाईचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि गुळगुळीत काचेखाली पसरलेलं कॅलेंडर. मी सुनेची ओळख करून दिली, तशी बाईने चष्मा काढला. ह्यांना बाहेर बसावं लागेल, म्हणाली, ह्या विरुद्ध बाजूच्या आहेत. ह्यांच्यातर्फे कंपनी आपला वकील देईल. मी म्हटलं, बाई, माझ्या ब्लाउजचं बटण लावण्यापासून सगळं हिच्या हातात आहे, ही कसली विरुद्ध बाजू? पण नियम तो नियम. सून मुकाट्याने दाराबाहेर जाऊन उभी राहिली. दार मात्र अर्धं उघडं राहिलं.

बाईने मला एकेक कलम समजावून सांगितलं. मग वकीलपत्र पुढे ठेवलं. वरच्या ओळीत माझं नाव, मध्ये ‘विरुद्ध’, आणि खाली माझ्या सुनेचं नाव. आमच्या घराचं आडनाव दोन्हीकडे तेच. मी बघत बसले. मग डाव्या हाताने पेन टेकवलं, आणि त्या गुळगुळीत काचेवर कागद सरकला. उजव्या हाताने दाबायला गेले, तर त्या हातात जोरच नव्हता. पुन्हा टेकवलं, पुन्हा सरकला. कपाळावर घाम आला. वकीलबाई उठून कागदावर ठेवायला काहीतरी जड शोधू लागली.

तेवढ्यात बाजूने एक हात आला. पंजा पूर्ण उघडून तिने तो कागदावर घट्ट ठेवला, स्वतःच्या नावाच्या अगदी शेजारी. वकीलबाई तोंड उघडून काही म्हणणार होती. मग ती परत खुर्चीत बसली.

“करा सही, आई,” सून म्हणाली.

माझी सही वाकडीतिकडी होत होती आणि फार वेळ लागत होता. तेवढा सगळा वेळ तिने कागद जरासुद्धा हलू दिला नाही.