जानेवारीची पाळी

प्रतापने आईसाठी गाडीचं दार उघडून धरलं. ती भारतातून आल्यापासूनच्या ऐंशी दिवसांत पहिल्यांदाच. लीलावतीबाई जानेवारीत पुन्हा तीन महिन्यांसाठी यायला हो म्हणाल्या, तर त्याच्या पदरात बरंच पडणार होतं: दोन वर्षांच्या ध्रुवला सांभाळणारं घरचं माणूस, गरम पोळ्या, शिवाय बायकोचा पगार. मेधाला आयर्लंडमध्ये आल्यापासूनची पहिली नोकरी लागली होती. पाळणाघरात एप्रिलशिवाय नंबर लागत नव्हता आणि मेधाच्या आईची यायची पाळी उन्हाळ्यात होऊन गेली होती. या सगळ्याच्या बदल्यात लिमरिकपासून तासाभरावरचं एक म्युझियम दाखवायचं. सौदा वाईट नव्हता.

म्युझियम म्हणजे जुना कॉन्व्हेंट, नन्सचा मठ. खाली उत्खननात सापडलेली दगडी कुऱ्हाडीची पाती, वर चित्रं. चित्रं टांगलेल्या प्रार्थनागृहाच्या दाराशी लीलावतीबाईंनी बूट काढले.

"आई, इथे आता देव नाहीये."

"तो गेला असेल. जागा तर तीच आहे ना?"

त्या मोज्यांवरच आत गेल्या; मागून ध्रुवला कडेवर घेऊन मेधा. दारातला माणूस 'ग्रँड, ग्रँड', म्हणजे चालेल चालेल, म्हणत हसला. प्रताप नाही हसला.

शेवटच्या खोलीत काचेमागे एक जाडाभरडा एप्रन आणि फरशी घासायचा ब्रश होता. लीलावतीबाईंचा चष्मा गाडीत राहिला होता.

"काय लिहिलंय रे?"

प्रतापने पाटीवरून नजर फिरवली. "स्वयंपाकघरातल्या वस्तू आहेत."

"एवढ्या मोठ्या पाटीवर एवढंच?"

त्याच्या आठ वर्षांच्या मुलीने, रेवाने, लगेच ती खणखणीत इंग्रजीत वाचून दाखवली. हुंडा घेऊन आलेल्या सिस्टर प्रार्थना करत, शिकवत. रिकाम्या हाताने आलेल्या धुणीभांडी करत, आणि जेवायलाही वेगळ्या बसत.

"मग ह्या घरी कधी जायच्या गं?"

जायच्याच नाहीत, रेवा इंग्रजीतच म्हणाली. मागच्या बागेतच पुरलंय त्यांना, आजी.

गाडीत बसल्यावर प्रतापने विषय काढला. "जानेवारीचं तिकीट बघतोय, आई."

"नको बघूस. तिकडे तुझे बाबा एकटे डब्याचं जेवतायत." त्यांनी पट्टा लावला. "आणि मी काही रिकाम्या हाताने आले नव्हते. चार किलो लोणचं आणलं होतं."

प्रतापने गाडी सुरू केली.

"ठीक आहे. मेधा बघेल काहीतरी."

मागच्या सीटवर, दोन मुलांच्या मध्ये, मेधाने फोन काढला. नोकरीचा होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता. तिने नकाराच्या दोन ओळी लिहिल्या, एकदा वाचल्या आणि पाठवून दिल्या.

लीलावतीबाईंनी चष्मा लावला. आरशात सुनेचा चेहरा स्पष्ट दिसला. त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला.

त्या सुटल्या. प्रतापचा एक शनिवार गेला. बाकी सगळी किंमत मेधाने भरली.